सुपरकोचमधले स्वस्तातले खेळाडू: एका अख्ख्या मोसमानंतर

मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीजवळ आम्ही राहतो. इतकी वर्षं फुटीशी, म्हणजे ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलशी, माझा संबंध होता तो ऑफिसातल्या टिपिंगपुरता, म्हणजे कोण जिंकणार याच्या अंदाजापुरता. सुपरकोच हा फुटीतल्या खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ लावून त्यांच्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ. 2023 च्या मोसमात बारा वर्षांच्या लेकीने हट्ट धरला, "बाबा, आपण दोघं मिळून सुपरकोचचा संघ लावू." म्हणून लावला, आणि मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत एकही फेरी न चुकवता चालवला. लिहितोय ते फक्त स्वस्तातल्या खेळाडूंबद्दल, कारण आमचं जे काही बरं झालं आणि जे फसलं, ते सगळं त्यांच्यामुळेच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. 2023 मध्ये एक कोटी डॉलरच्या काल्पनिक बजेटमध्ये तीस खेळाडू घ्यायचे होते. त्यातले बावीस मैदानावर, आठ बाकावर. म्हणजे माणशी सरासरी सव्वातीन लाखांच्या आसपास येतात. पण पहिल्या फळीचा मिडफिल्डर एकटाच सहा-साडेसहा लाख खातो. तसे आठ-दहा जण हवे असतील तर उरलेली जागा लाख-सव्वा लाखाच्या पोरांनी भरावीच लागते. आणि ही नुसती भरती नाही. पहिले तीन सामने होईपर्यंत खेळाडूचा भाव हलत नाही. त्यानंतर तो शेवटच्या तीन सामन्यांतल्या गुणांवर चढतो-उतरतो. एखादा नवखा नीट खेळला तर आठ-दहा आठवड्यांत त्याचा भाव दुप्पट-अडीचपट होतो. मग तो विकायचा आणि त्या पैशांतून मोठा खेळाडू आणायचा. इथे याला कॅश काऊ म्हणतात. आमच्या घरी नुसतं "गाय". "बाबा, या आठवड्यात कुठली गाय काढायची?" हे वाक्य एप्रिलनंतर आमच्याकडे रोज जेवताना ऐकू यायचं.

सुरुवातीला मी गुणवत्ता बघून निवड केली. कोण ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, कितवा गेला, ज्युनियर स्पर्धेत काय केलं, कुणाच्या उडीचं कौतुक झालं, असं सगळं वाचून पाच पोरं घेतली. चौथ्या फेरीपर्यंत त्यातली दोन संघाबाहेर होती. तिसरा, एकोणीस वर्षांचा एक फॉरवर्ड, मैदानावर असायचा पण सब म्हणून. त्या वर्षीच्या नियमात हवे तेव्हा आत-बाहेर करता येणाऱ्या चार इंटरचेंज खेळाडूंशिवाय एक बदली खेळाडू असायचा आणि प्रशिक्षक त्याला हवा तेव्हा उतरवू शकायचा. सामना सुरू व्हायच्या तासभर आधी कळायचं की आपला पोरगा सब आहे. मग तो शेवटच्या क्वार्टरमध्ये उतरायचा, दोन किक, एक टॅकल, खेळ खलास. तो खेळलेला धरला जातो, त्यामुळे बाकावरच्या इमर्जन्सीचे, म्हणजे न खेळलेल्याच्या जागी धरायच्या राखीव खेळाडूचे, गुणही मिळत नाहीत. त्या वेळी मला मनापासून वाईट वाटलं, गुणांपेक्षाही त्या पोराचं. इतकी वर्षं घाम गाळून पदार्पण करायचं आणि वाट्याला पंधरा मिनिटं यायची.

तिथून आमची वही सुरू झाली. लेकीने शाळेची जुनी रेघी वही घेतली आणि प्रत्येक स्वस्त खेळाडूपुढे तीन रकाने आखले: तो कुठे उभा राहतो, त्याची जागा कुणामुळे रिकामी झाली, आणि तो माणूस परत कधी येणार. भाव लिहायला तिने चौथा रकाना ठेवलाच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "सगळे स्वस्तच आहेत ना, मग भाव काय बघायचा?" मला ते लगेच पटलं. कुणाचा गुडघा गेला म्हणून आत आलेला पोरगा अख्खा मोसम टिकतो. कुणाचं हॅमस्ट्रिंग दुखावलं म्हणून आलेला तीन-चार आठवड्यांत परत जातो, म्हणजे भाव हलायला लागतो न लागतो तोच.

पहिल्या रकान्याचं महत्त्व हॅरी शीझलमुळे कळलं. नॉर्थ मेलबर्नने त्याला तिसऱ्या क्रमांकाला घेतलेलं. खेळात त्याची नोंद फॉरवर्ड अशी, आणि भाव तळाच्या पोरांपेक्षा बराच जास्त, कारण ड्राफ्टमध्ये जितका वरचा नंबर तितका सुरुवातीचा भाव अधिक. म्हणून मी त्याला सोडणार होतो. पण सराव सामन्यांत तो हाफ-बॅकला, म्हणजे मागच्या फळीत, खेळताना दिसत होता. लेकीने पहिल्या रकान्यात "मागे" असं लिहून त्याच्याभोवती गोल केला. वेस्ट कोस्टविरुद्ध पदार्पणातच त्याने 34 डिस्पोझल केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू किकने किंवा हाताने पुढे दिला. त्या वर्षीचा रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

मागे खेळण्याने इतका फरक का पडतो, हे एकदा समजून घेतलं की निवड सोपी होते. सुपरकोचमध्ये चांगल्या, आपल्या माणसाला सापडलेल्या किकला 4 गुण, तशाच हॅंडबॉलला (मुठीने मारून दिलेल्या पासला) दीड, टॅकलला 4, गोलला 8, आणि चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याला दिला तर 4 वजा. वर एका सामन्याचे सगळ्या खेळाडूंचे मिळून 3300 गुण होतील असा हिशेब बसवलेला असतो. छोट्या फॉरवर्डकडे चेंडू आठ-दहा वेळा येतो, एखाद्या दिवशी दोन गोल होतात, एखाद्या दिवशी एकही नाही. हाफ-बॅककडे चेंडू सतत येत राहतो, समोर मोकळी जागा असते, आणि किक शांतपणे मारता येते. उंच की-फॉरवर्ड नवखा असेल तर मी आता बघतही नाही. त्याला शरीर भरायलाच तीन-चार वर्षं लागतात.

मिडफिल्डमध्ये विल ॲशक्रॉफ्ट घेतला होता, ब्रिस्बेनचा. जुलैमध्ये त्याचा गुडघा गेला. आम्ही त्याला त्याआधीच विकलं होतं, ब्रेकईव्हन चढायला लागला म्हणून. ब्रेकईव्हन म्हणजे भाव आहे तिथे टिकायला पुढच्या सामन्यात किती गुण करावे लागतील तो आकडा. नवख्याचा तो सुरुवातीला शून्याच्याही खाली असतो. हळूहळू त्याच्या नेहमीच्या गुणांइतका झाला की गाय आटली. तिथे माया करायची नाही. आम्ही ती दोन पोरांच्या बाबतीत केली आणि अदलाबदलींची संख्या मोसमभरासाठी मोजकी असल्याने शेवटच्या महिन्यात हात बांधले गेले.

एक उपयोग मात्र मला जूनपर्यंत माहीत नव्हता. अजिबात न खेळणारा स्वस्त खेळाडूही कामाचा असतो. उपकर्णधार गुरुवार-शुक्रवारच्या सामन्यातला ठेवायचा. त्याने भरघोस गुण केले तर शनिवारी-रविवारी ज्याच्या संघाचा सामना आहे पण जो संघात नाही, अशा पोराला कर्णधार करायचं. कर्णधार खेळलाच नाही म्हणून उपकर्णधाराचे गुण दुप्पट होतात. आमचा तिसरा रकमन (उडी मारून चेंडू आपल्या बाजूला वळवणारा उंच खेळाडू) याच कामासाठी ठेवलेला. त्याने एकही सामना न खेळता आम्हाला जितकं दिलं, तितकं दोन खेळणाऱ्या पोरांनीही दिलं नाही.

पैसे भरून घेतलेल्या एका सल्ला-सेवेबद्दल फार लिहीत नाही. गुरुवारी संध्याकाळी संघ जाहीर झाल्यावर तिथे जे यायचं ते लेकीच्या वहीत आधीच असायचं. पुढच्या वर्षी ती घ्यायची नाही असं ठरवलं.

त्याऐवजी चर्नसाइड पार्कला जायचं. वेरिबीचा व्हीएफएल, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या पातळीवरच्या स्पर्धेतला, संघ तिथे खेळतो, घरापासून दहा मिनिटांवर. मायकल बार्लो याच संघातून फ्रीमॅंटल क्लबच्या रूकी (नवख्यांच्या) यादीत गेला आणि 2010 मध्ये पाय मोडेपर्यंत त्याने ज्यांच्या ज्यांच्या संघात तो होता त्यांना मालामाल केलं. तेव्हाचे खेळणारे लोक अजून त्याचं नाव काढतात. व्हीएफएलमध्ये मुरलेल्या तेवीस-पंचवीस वर्षांच्या खेळाडूला क्लब घेतो तो उद्यासाठी नाही, आत्ता खेळवायला. अठरा वर्षांच्या हुशार पोरापेक्षा असा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

जुलैमधल्या एका रविवारी आम्ही तिथे गेलो. बोचरं वारं, कुंपणाला टेकून उभे होतो. क्वार्टर संपल्यावर इथे प्रेक्षकांना मैदानात उतरू देतात. लेक थेट खेळाडूंच्या कोंडाळ्याजवळ जाऊन उभी राहिली, वही छातीशी धरून. प्रशिक्षक कुणाला कुठे उभं राहायला सांगतोय ते ती ऐकत होती. परत आली तेव्हा पायांना चिखल, नाक लाल, आणि पानावर शॉन मनागचं नाव.

सप्टेंबरमध्ये व्हीएफएलच्या अंतिम सामन्यात वेरिबी गोल्ड कोस्टकडून हरलं, पण मनागने एकट्याने सहा गोल केले. नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये जिलॉंगने त्याला घेतलं, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. 2024 चे नवे भाव जाहीर व्हायला तेव्हा अजून वेळ होता. त्याच्यासमोरचे पहिले दोन रकाने लेकीने तेव्हापासूनच पेन्सिलने भरून ठेवले होते.