स्विफ्ट डिझेल (२०१३, व्हीडीआय): १८ महिने, २६ हजार किलोमीटर

गाडी दुसऱ्या पिढीची मारुती स्विफ्ट, डिझेलचं व्हीडीआय मॉडेल. हातात आली तेव्हा मीटरवर ७१ हजार होते, आज ९७ हजार आहेत. रोजचं चालणं पन्नास-पंचावन्न किलोमीटर, त्यात निम्मं शहर, निम्मा हायवे, आणि महिन्यातून एखादी घाटाची फेरी. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर डिझेल गाड्या थांबवल्या, त्यामुळे ही गाडी आता कुणीही घेतली तरी जुनीच घेणार. जुनी डिझेल सांभाळायची तर खर्च नेमका कुठे करायचा हे आधी कळायला हवं. या गाडीत त्या जागा दोनच आहेत: इंजिन ऑइल आणि डिझेल फिल्टर. तिथे वाचवलेले शंभर रुपये टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आणि इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) हजारांनी वसूल करतात.

इंजिन फियाटचं १.३ मल्टिजेट: १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ४००० आरपीएमला ७५ पीएस आणि २००० आरपीएमला १९० एनएम टॉर्क. डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा या सगळ्यांत याच घराण्याचं इंजिन होतं. मारुतीची इंजिनं मानेसरला बनत, फियाट-टाटाची आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावला. याचा आजचा फायदा असा की तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकलाही हे इंजिन पाठ असतं. पण ‘एकच इंजिन आहे, पुंटोचा पार्ट बसेल’ असं कुणी म्हटलं तर सेन्सर, इंजेक्टर आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) बाबतीत ते ऐकू नका. जुन्या पार्टवरचा नंबर जुळवूनच नवा घ्या.

चालवताना सगळ्यात आधी अंगवळणी पाडायचा तो टर्बो लॅग, म्हणजे टर्बोची ओढ उशिरा मिळणं. १८०० आरपीएमच्या खाली गाडी सुस्त असते, २००० ओलांडले की एकदम ओढते. स्पीडब्रेकरनंतर तिसऱ्या गिअरमध्ये १२०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून धरलात तर गाडी थरथरते, काळा धूर सोडते आणि उचल खात नाही. सरळ दुसरा टाका. उंच गिअर लवकर टाकला की ॲव्हरेज वाढतो हा समज या इंजिनाला लागू नाही. अतिशय कमी आरपीएमवर लोड टाकल्याने काजळी साठते आणि क्लच-माउंटिंगवर ताण येतो. टाकी फुल करून पुन्हा टाकी फुल, असं मोजलं तर शहरात १६ ते १८ आणि हायवेला ८०-९० च्या वेगाने, एसी लावून, लिटरला २२ ते २३ किलोमीटर मिळतात. या मॉडेलचा एआरएआय या चाचणी संस्थेचा आकडा २२.९ आहे, म्हणजे हायवेवर तो खरोखर गाठता येतो. १०० च्या वर सतत ठेवली की १९-२० वर येतो.

आता ऑइल. ग्रेड ५डब्ल्यू-३०, आणि तेही डिझेल इंजिनासाठी चालणारं, हे डब्यावर वाचून घ्या. फिल्टर बदलल्यावर साधारण तीन लिटर लागतं; आधी थोडं कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघत वरच्या खुणेच्या जरा खाली आणा. डब्यात उरलंय म्हणून ओतून देऊ नका. ऑइल बदलण्याचं अंतर पुस्तकात १० हजार किमी किंवा एक वर्ष आहे. गाडी ७०-८० हजारांच्या पुढे गेली असेल आणि शहरात जास्त फिरत असेल तर ७,५०० ला बदला. तीन लिटर हे टर्बो डिझेलसाठी फार ऑइल नाही. तेच टर्बोचं बेअरिंग थंड ठेवतं आणि तेच टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला दाब देतं. अर्धा लिटर कमी झालं की सहावा हिस्सा गेला.

म्हणून दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड असताना, डिपस्टिक बघायची. ऑइल बदलून दोनशे किलोमीटरमध्ये काळं झालं तर घाबरू नका, डिझेलमध्ये ते होतंच. लेव्हल हळूहळू खाली जात असेल तर खालच्या खुणेपर्यंत वाट न बघता त्याच ग्रेडचं टाका आणि गळती शोधा. फिल्टर या इंजिनात कागदी काडतुसाचा आहे, प्लास्टिकच्या झाकणाखाली. त्याच्या झाकणाची रबरी रिंग प्रत्येक वेळी नवी टाकायची. जुनीच बसवली की तिथून पाझरायला लागतं आणि लोक उगाच सील फुटलं समजून इंजिन उतरवतात. ड्रेन बोल्टचा वॉशरही नवाच.

लेव्हल वाढलेली दिसली तर ती खाली जाण्यापेक्षा जास्त गंभीर गोष्ट आहे. डिपस्टिक नाकाशी न्या. डिझेलचा वास आला तर कुठूनतरी डिझेल ऑइलमध्ये मिसळतंय, बहुतेक वेळा इंजेक्टर गळतोय. अशा पातळ ऑइलवर गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नये, टो करून न्यावी.

टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. ‘चेन म्हणजे आयुष्यभराची’ असं सगळीकडे सांगितलं जातं. ते खरं असतं, पण ऑइल वेळेवर बदलत असेल तर. जाड आणि घाण ऑइलने टेन्शनर सकाळी सुरू करताना उशिरा भरतो, चेन ढिली फिरते, ताणली जाते. ओळखायची खूण एकच: रात्रभर उभी गाडी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद टायमिंग कव्हरच्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज. एकदाच, क्षणभर आला तर लक्ष ठेवा. रोज येत असेल, लांबत असेल, तर चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट सगळा किट एकत्र बदला. चेन तुटली किंवा दात सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग हेडचंच काम निघतं.

टर्बोसाठी वेगळं काही करावं लागत नाही, फक्त दोन सवयी. सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट आयडलला राहू द्या, पहिले दोन-तीन किलोमीटर २५०० च्या आत. हायवेवरून किंवा घाट चढून थेट ढाब्यावर थांबलात तर बंद करण्याआधी मिनिटभर चालू ठेवा. लाल झालेल्या टर्बोत ऑइल थांबलं की तिथेच जळून कोळसा होतं. निळा धूर, शिट्टीसारखा वाढता आवाज आणि कमी होणारं ऑइल हे तिन्ही एकत्र दिसले तर टर्बोची शाफ्ट तपासा. नुसती ओढ कमी झाली आणि काळा धूर आला तर टर्बोवर उडी मारण्याआधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज बघा. चिरलेल्या होजभोवती तेलकट काळं धुकं बसलेलं असतं. मोजक्याच पैशांचं काम आहे, आणि याच लक्षणावर चांगले टर्बो बदलले जातात याचं वाईट वाटतं.

डिझेल फिल्टर ३० हजारांना बदलायचा, पावसाळी भागात त्याआधीही. हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर डिझेलनेच वंगण घेतात. पाणी आत गेलं की गंज आणि खरड सुरू. फिल्टरमध्ये पाणी साठल्याचा दिवा डॅशबोर्डवर लागला तर ‘गावी पोचल्यावर बघू’ नको. फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून बाटलीत पाणी काढायचं, स्वच्छ डिझेल यायला लागलं की घट्ट करायचं. फिल्टर बदलल्यावर किंवा डिझेल संपून गाडी बंद पडल्यावर लाइनमधला रबरी हातपंप कडक होईपर्यंत दाबा, मगच सेल्फ मारा. हवा न काढता सेल्फवर सेल्फ मारत राहिल्याने स्टार्टर आणि बॅटरी दोन्ही जातात. टाकी ४२ लिटरची आहे. पावसाळ्यात ती पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका, रिकाम्या जागेत दव धरतं. पेट्रोल पंपावर मापाची शंका आली तर पाच लिटरचं माप मागणं हा तुमचा हक्क आहे.

इंजेक्टर खराब होत असल्याचं आधी कळतं ते सकाळच्या स्टार्टवर: सेल्फ लांबतो, सुरू झाल्यावर मिसिंग, पांढरट धूर. थंड इंजिन तापवणाऱ्या हीटर प्लगमुळेही हेच होतं, म्हणून आधी चारही प्लग तपासा, ते स्वस्त आहेत. नंतर रिटर्न टेस्ट: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला) सारख्या बाटल्या लावून इंजिन दोन-तीन मिनिटं चालवतात. ज्याची बाटली इतरांपेक्षा बरीच भरते तो झिजलाय. चारही बदलायला सांगणाऱ्याकडे ही टेस्ट डोळ्यांसमोर करून मागा. बोनेटखाली फुस्-फुस् आवाज आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर असेल तर इंजेक्टर ठीक असतो, खालचा तांब्याचा वॉशर गेलेला असतो. वॉशर बदलताना बैठक साफ करायलाच हवी, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. नवा इंजेक्टर टाकला तर त्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरून घ्या.

ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) रोज चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या गाड्यांत लवकर चोक होतो. इंजिन पुरतं तापत नाही, काजळी आणि ऑइलची वाफ मिळून चिकट थर धरतो. गाडी कमी वेगात झटके देते, इंजिनचा दिवा लागतो. काढून क्लीनरने धुवायचा, गॅस्केट नवं. पत्रा लावून कायमचा बंद करायचा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नये, प्रदूषण नियंत्रणाची वस्तू निकामी करणं बेकायदा आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर २५०० च्या आसपास चालवणं हा जास्त चांगला उपाय. पीयूसीला जातानाही गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून, पूर्ण गरम करूनच न्या.

ॲव्हरेज हळूहळू दोन-तीनने उतरला आणि बाकी काही सापडत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) बघा. या इंजिनात तो बिघडला की बहुधा उघडाच अडकतो. गाडी गरम होत नाही म्हणून मालक खूश असतो, पण इंजिन कायम थंडच चालतं आणि जास्त डिझेल पितं. कूलंट तयार मिळतं तेच घ्या किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीच नको, मराठवाड्यातलं तर मुळीच नको. क्षार आतून नळ्या बुजवतात.

क्लच गर्दीच्या शहरात ६०-८० हजारांत संपू शकतो, हायवेच्या गाडीला लाखाच्या पुढेही जातो. पन्नासच्या वेगात चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा: आरपीएम चढले आणि वेग चढला नाही तर प्लेट घसरतेय. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, आणि तेव्हाच क्रँकचं मागचं सील ओलं आहे का ते बघून घ्या.

डिझेल इंजिनाचं वजन नाकावर असल्याने पुढचं सस्पेन्शन पेट्रोल स्विफ्टपेक्षा लवकर बोलायला लागतं. आवाजावरून पार्ट ओळखता येतो. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना टक्-टक्: लिंक रॉड. ब्रेक मारताना किंवा सोडताना एकच धप्प: लोअर आर्मचे बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर: स्ट्रटची वरची माउंटिंग. पूर्ण वळण घेताना कट्-कट्: ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट, आणि त्याचा रबरी बूट आधीच फाटलेला असतो. बूट फाटल्याचं वेळेत दिसलं तर ग्रीस आणि नवा बूट एवढ्यात भागतं.

घाट उतरताना दुसरा गिअर आणि इंजिनचा ब्रेक. खंबाटकी, आंबा, ताम्हिणी कुठेही न्यूट्रलला उतरू नका, या इंजिनाला उतारावर गिअरमध्ये डिझेल लागतच नाही. साचलेल्या पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा. सिलिंडरमध्ये पाणी असताना मारलेला एक सेल्फ कनेक्टिंग रॉड वाकवतो. कोकणातून आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा, आणि दाराच्या खालच्या कडेची छिद्रं काडीने मोकळी करा. पावसाळ्यात बोनेट दर दोन दिवसांनी उघडा. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग शोधण्यात मेकॅनिकचा दिवस जातो.

जुनी घ्यायची असेल तर विकणाऱ्याला सांगा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. बोनेटला हात लावून थंड आहे याची खात्री करा, मग पहिला सेल्फ तुम्ही ऐका. गरम झाल्यावर आयडलला ऑइलची कॅप सैल करा: हलकी वाफ चालेल, कॅप उडवणारा झोत म्हणजे पिस्टनच्या रिंग गेल्या. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली, म्हणून तिकडच्या पासिंगच्या स्विफ्ट इकडे स्वस्तात दिसू लागल्या. त्यात एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र), इथला रोड टॅक्स आणि नोंदणीची पंधरा वर्षं पुरी व्हायला उरलेला काळ हे हिशोबात धरूनच भाव करा. आणि तुमचं चालणं महिन्याला हजार किलोमीटरच्या आत असेल, तर याच पैशात पेट्रोल स्विफ्ट बघा.