‘एक टीबी’च्या एसएसडीत निघाले १२८ जीबी

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान ड्राइव्ह) बसवायची आणि विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, हे काम सध्या गल्लोगल्ली चालू आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या आय-थ्री, आय-फाइव्ह प्रोसेसरचे लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा लिनक्सचीच तत्सम आवृत्ती टाकली की तो आणखी चार-पाच वर्षं सहज चालतो. सल्ला चांगलाच आहे. पण याच कामात एक फसवणूक होते, आणि तिचं खापर लिनक्सवर फोडलं जातं. म्हणून एक प्रकरण जसं घडलं तसं मांडतो.

लॅपटॉप एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, त्यात सुमारे २६० जीबी डेटा: घरचे फोटो, प्रोजेक्ट, कागदपत्रांचे स्कॅन. दुकानदाराने सांगितलं, एक टीबी एसएसडी टाकतो, लिनक्स टाकतो, डेटा कॉपी करून देतो, जुनी डिस्क आम्ही ठेवून घेऊ आणि तिचे पाचशे वजा करू. एकूण ४,२०० रुपये. नामांकित कंपनीच्या एक टीबीचा त्या वेळचा भाव एकट्यानेच याहून बराच जास्त होता. हातात बिल म्हणून आलं ते कोऱ्या कागदावरचं ‘एस्टिमेट’. त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना एसएसडीचा सिरीयल नंबर. एक ओळ मात्र ठळक होती: लिनक्स लायसन्स, ६०० रुपये.

घेताना सगळं ठीक दिसलं. लॅपटॉप झटकन सुरू झाला, डेटाच्या फोल्डरमध्ये सगळ्या फाइलींची नावं होती, एक-दोन फोटो उघडूनही दाखवले. घरी आल्यावर काही फोटो अर्धे राखाडी दिसू लागले, पीडीएफ उघडेनात, व्हिडिओ सुरूच होईनात. दुकानदाराचं उत्तर एकच: ‘लिनक्समध्ये असंच होतं, विंडोज टाकून घ्या.’ विंडोजचे वेगळे दीड हजार.

आत काय होतं ते पाहू. एसएसडीत दोन मुख्य भाग असतात, माहिती साठवणाऱ्या नँड चिप आणि त्यांचा कारभार पाहणारा कंट्रोलर. आपली क्षमता किती, हे लॅपटॉपला कंट्रोलरच सांगतो. त्याचं फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) बदललं की १२८ जीबीची चिप ‘मी एक टीबी आहे’ असं सांगू शकते, आणि लिनक्स असो की विंडोज, दोन्ही ते निमूटपणे मान्य करतात. खऱ्या मर्यादेपलीकडे लिहिलेलं मग एक तर सुरुवातीच्या माहितीवर पुन्हा लिहिलं जातं, नाही तर सरळ टाकून दिलं जातं. दोन्ही वेळा कंट्रोलर ‘लिहून झालं’ असंच कळवतो. त्यामुळे कॉपी करताना एकही एरर येत नाही.

मग दुकानात फोटो उघडला कसा? लिनक्स नुकत्याच लिहिलेल्या फाइली मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतो आणि लगेच मागितल्या तर तिथूनच देतो. शेवटी कॉपी झालेली फाइल त्यामुळे उघडते, मग ती ड्राइव्हवर उतरलेली असो वा नसो. लॅपटॉप एकदा पूर्ण बंद केला की ही सोय जाते आणि खरी परिस्थिती समोर येते. म्हणून कॉपी झाल्यावर लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायला लावा आणि मगच फाइली उघडून पाहा, त्याही शेवटच्या नव्हे, मधल्या आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या.

या लॅपटॉपमध्ये दुकानदाराला सगळं ठाऊक होतं हे पार्टिशनवरून, म्हणजे ड्राइव्हच्या पाडलेल्या भागांवरून, कळलं. लिनक्स सुरुवातीच्या ६० जीबीत बसवलं होतं आणि उरलेली सगळी जागा ‘डेटा’ नावाने एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीममध्ये (फाइली मांडण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट केली होती. कारण तांत्रिक आहे. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ फाइल सिस्टीम आपल्या नोंदी आणि वरच्या पातळीचे फोल्डर पूर्ण ड्राइव्हभर पसरवते. संपूर्ण ‘एक टीबी’ तिला दिली असती, तर इन्स्टॉलेशन चालू असतानाच किंवा पहिल्या काही दिवसांत चेकसमचे (माहिती बदलली का ते सांगणाऱ्या आकड्याचे) एरर आले असते आणि काळ्या पडद्यावर ‘इनिट-रॅम-एफएस’ असा प्रॉम्प्ट येऊन लॅपटॉप अडला असता. एनटीएफएसची मुख्य नोंदवही मात्र पार्टिशनच्या सुरुवातीकडे असते. त्यामुळे फाइलींची नावं शाबूत दिसतात आणि फक्त आतला मजकूर नाहीसा होतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये कुणी असं छोटं लिनक्स पुढे आणि प्रचंड एनटीएफएस मागे करून दिलं असेल, तर तेवढ्यावरून ती फसवणूकच म्हणता येणार नाही. विंडोजशी फाइलींची देवाणघेवाण असणारे मुद्दाम असं करतात. पण तुम्ही मागितलेलं नसताना केलं असेल, तर तपासणी त्याच दिवशी करा.

तपासणी कशी करायची? ड्राइव्ह किती मोठी दिसते, याला काही अर्थ नाही. ती पूर्ण भरायची आणि भरलेलं परत वाचून ताडून पाहायचं, एवढाच भरवशाचा मार्ग. त्यासाठी ‘एफ३’ नावाचं मोफत साधन आहे. ते मिंट आणि उबुंटूच्या सॉफ्टवेअर भांडारात त्याच नावाने मिळतं. लिनक्स इन्स्टॉल करण्याआधी, पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या लाइव्ह सेशनमध्येच हे करावं:

नव्या ड्राइव्हवर ‘डिस्क्स’ या अ‍ॅपमधून एकच पार्टिशन करून फॉरमॅट करा, माउंट करा (म्हणजे फोल्डरसारखी उघडेल अशी जोडा), आणि टर्मिनलमध्ये आधी ‘एफ३राइट’, मग ‘एफ३रीड’ या आज्ञांना त्या माउंट केलेल्या फोल्डरचा पत्ता द्या. पहिली आज्ञा एकेक जीबीच्या फाइली लिहीत ड्राइव्ह काठोकाठ भरते, दुसरी त्या वाचून तपासते. परवानगी नाकारली तर आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लावा. दोन्हींच्या मध्ये ड्राइव्ह एकदा अनमाउंट करून पुन्हा माउंट केली तर उत्तम. २४० जीबीला तासाभरात निकाल मिळतो. एक टीबीची स्वस्त एसएसडी असेल तर अर्धा दिवस धरून चाला आणि चार्जर लावून ठेवा.

निकालात दोन ओळी महत्त्वाच्या, ‘डेटा ओके’ आणि ‘डेटा लॉस्ट’. दुसऱ्या ओळीत शून्यच हवं. वरच्या लॅपटॉपमधली ड्राइव्ह रिकामी करून तपासली तेव्हा ओके निघाला सुमारे ११७ जीबी आणि लॉस्ट ७५० जीबीहून अधिक. लॉस्टच्या खाली ‘ओव्हररिटन’चा आकडा मोठा असेल, तर ड्राइव्ह पुन्हा सुरुवातीवर लिहिते आहे असं समजावं.

इथे काही गैरसमजही दूर करायला हवेत, नाही तर चांगल्या दुकानदारावर उगाच आळ येतो. एक टीबीची ड्राइव्ह लिनक्समध्ये ९३१.५ दिसते, ५०० ची ४६५.८ आणि २४० ची २२३.६. ही फसवणूक नव्हे. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा १,०२४ च्या, एवढाच फरक. कॉपी करताना वेग आधी सेकंदाला ४०० एमबी असतो आणि थोड्या वेळाने ६० वर येतो, तोही पुरावा नव्हे. डीरॅम (वेगळी मेमरी चिप) नसलेल्या स्वस्त, पण अस्सल एसएसडीत वेगवान कॅशे (तात्पुरती जागा) भरली की असंच होतं. एसएसडीचं कवच उघडल्यावर आतला सर्किट बोर्ड कवचाच्या एक तृतीयांशच दिसला म्हणून घाबरू नका. आजकाल नामांकित कंपन्यांचे बोर्डही तेवढेच असतात. शिवाय कवच उघडलं की वॉरंटी जाते, त्यामुळे आधी एफ३, उघडणं नंतर. या प्रकरणात पैसे परत मिळाल्याखेरीज कवच उघडलंच नाही.

एसएसडी नव्हे, हार्ड डिस्कच घेतली तर ‘नवी’ म्हणून वापरलेली डिस्क देणं हा दुसरा प्रकार. डिस्कच्या आतल्या नोंदी वाचणारं ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज टाका आणि ‘स्मार्टसीटीएल’ आज्ञेला ‘डॅश ए’ आणि ड्राइव्हचं नाव द्या. त्यात पाहायच्या नोंदी म्हणजे ९ क्रमांकाची, ड्राइव्ह एकूण किती तास चालली; ५ क्रमांकाची, बाद होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे); आणि १९७ क्रमांकाची, संशयित सेक्टर. नव्या डिस्कवर तास शून्य किंवा त्याच्या आसपास आणि बाकी दोन्ही शून्य हवेत. पण हे आकडे पुसता येतात, हे ध्यानात ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत सीगेट कंपनीच्या, डेटा सेंटरसाठी बनवलेल्या पण वापरून झालेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. त्यांच्या नेहमीच्या नोंदी पुसलेल्या होत्या, खरे तास सापडले ते ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या नोंदीत. आपण त्या नव्या म्हणून विकल्या नाहीत, असं कंपनीने स्पष्ट केलं. सीगेटच्या ज्या डिस्कमध्ये ही नोंद असते, तिच्यातली ती स्मार्टसीटीएलच्या ७.४ आणि पुढच्या आवृत्तीत वाचता येते. साध्या डोळ्यांनीही बरंच कळतं: स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या खुणा, सोनेरी पिनांवर ओरखडे, स्टिकरचा कोपरा उचललेला. स्टिकरवरचा सिरीयल नंबर आणि स्मार्टसीटीएलने दाखवलेला नंबर तंतोतंत जुळलाच पाहिजे. तो नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून पाहा. आतल्या नंबरात नुसत्या शून्यांची रांग असेल तर ती ड्राइव्ह घेऊ नका.

‘लिनक्स लायसन्स’चे सहाशे रुपये ही उघड लूट आहे. मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा यांना लायसन्सचे पैसे लागत नाहीत. बसवण्याची मजुरी घेणं रास्त आहे, पण ती मजुरी म्हणूनच लिहिलेली हवी. आणि दुकानाच्या पेनड्राइव्हवरची लिनक्सची प्रत शक्यतो वापरू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक बदलली गेली होती आणि लोकांना मागचं दार (चोरून शिरायची वाट) असलेली प्रत मिळाली होती. म्हणून आयएसओ, म्हणजे लिनक्सच्या इन्स्टॉलेशनची फाइल, अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि तिचा ‘एसएचए२५६’ चेकसम ताडून पाहा. चेकसमच्या फाइलीवरची सहीही तपासता आली तर सोन्याहून पिवळं. मिंटच्या सुमारे तीन जीबीच्या या फाइलीला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

खरं तर डिस्क बदलणं हे ‘ठेवून जा, संध्याकाळी या’ म्हणण्याइतकं काम नाही. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये ते पंधरा-वीस मिनिटांचं आहे. चार्जर काढा, बॅटरी काढा किंवा तिचा कनेक्टर सोडवा, कव्हर उघडा, डिस्कच्या पत्र्याच्या कॅडीचे स्क्रू काढा आणि ती सरकवून सुटी करा. कॅडी, रबरी पट्ट्या आणि काही मॉडेलमध्ये टोकाला असलेला छोटा अडॅप्टर हे सगळं जुन्या डिस्कवरून नव्यावर घ्यायचं असतं. हे तुकडे दुकानात हमखास गहाळ होतात आणि मग एसएसडी आत खडखडते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाडीची आणि एसएसडी ७ मिलिमीटरची असते, तेव्हा स्पेसर लागू शकतो. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड ‘एएचसीआय’ असावा. लॅपटॉप ठेवावाच लागला, तर आधी रॅमचा आकडा, रॅमच्या पट्टीचा आणि बॅटरीचा फोटो काढून ठेवा. ८ च्या जागी ४ जीबीची पट्टी घालून दिल्याचेही प्रकार होतात.

सगळ्यात कळकळीची विनंती जुन्या डिस्कबद्दल. ती दुकानात सोडू नका, पाचशे काय, हजार वजा केले तरी नाही. त्या मुलीची जुनी डिस्क एफ३चा निकाल येईपर्यंत पुढे विकली गेली होती. सुमारे दोनशे जीबी डेटा कायमचा गेला आणि आधार-पॅनचे स्कॅन कुणाच्या हाती पडले ते कळायला मार्ग नाही. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घातली की बाहेरून वाचता येते. नवी ड्राइव्ह तपासून, डेटा उतरवून, निदान महिनाभर तरी तिला हात लावू नका. ती आवाज करत असेल किंवा अडखळत असेल, तर नुसती कॉपी करू नका, ‘डीडीरेस्क्यू’ या बिघडत्या डिस्कवरून माहिती काढणाऱ्या साधनाने आधी तिची पूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढा.

खरेदी करताना सीलबंद खोका स्वतः फोडा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि मूळ देश छापलेला असावा लागतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की घराजवळचं दुकान, प्रामाणिक विक्रेता जीएसटी बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहायला का-कू करत नाही. पैसे यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. फसलात तर एफ३रीडच्या निकालाचा आणि स्मार्टसीटीएलच्या नोंदीचा फोटो काढा, दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलने लेखी कळवा, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. संकेतस्थळावरून मागवून पैसे अडकले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

या प्रकरणात १९१५ वरच्या तक्रारीचा क्रमांक दाखवल्यावर दुकानदाराने आधी ड्राइव्ह बदलून दिली. ती त्याच खोक्यातली दुसरी होती आणि एफ३मध्ये तीही ११७ वरच थांबली. त्यानंतर मात्र पैसे परत मिळाले, लायसन्सच्या सहाशेसकट. त्यातून २४० जीबीची बिलाची एसएसडी घेतली, ती पूर्ण भरून वाचून पाहिली, लॉस्टच्या ओळीत शून्य आला, आणि मगच तिच्यावर मिंट चढवलं.