डीएनएस तपासणारे नकाशे: हिरवी खूण नेमके काय सांगते?

ठाण्यातले लहान कारखाने, दवाखाने आणि दुकाने यांची संकेतस्थळे व ईमेल सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. सर्व्हर बदलायचा झाला की डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, डीएनएस नोंदी बदलाव्या लागतात; ते नाव कोणत्या सर्व्हरच्या पत्त्यावर न्यायचे हे त्या नोंदी सांगतात, आणि ती नोंद जतन केल्याच्या क्षणापासून ग्राहकाचा एकच प्रश्न सुरू होतो: "झालं का?" त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी अनेक वर्षे व्हॉट्समायडीएनएस आणि डीएनएसचेकर ही दोन मोफत संकेतस्थळे वापरत आलो आहे. दोन्हींची पद्धत सारखीच आहे. डोमेनचे नाव लिहायचे, ए (संकेतस्थळाच्या सर्व्हरचा पत्ता), एमएक्स (ईमेल घेणारा सर्व्हर), टीएक्सटी (मजकूर), एनएस (डोमेनच्या नोंदी सांभाळणारे नेमसर्व्हर) यांपैकी हवा तो नोंदीचा प्रकार निवडायचा आणि शोधाचे बटण दाबायचे. मग जगाच्या नकाशावर आणि शेजारच्या यादीत निरनिराळ्या देशांतल्या डीएनएस सर्व्हरांनी दिलेली उत्तरे हिरव्या किंवा लाल खुणांसह दिसू लागतात. पैसे द्यावे लागत नाहीत, खातेही उघडावे लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात वागळे इस्टेटमधल्या एका स्प्रिंग बनवणाऱ्या कारखान्याचे संकेतस्थळ मी नव्या सर्व्हरवर हलवले. संध्याकाळी साडेसातला ए नोंद बदलली. जुन्या पत्त्याच्या शेवटी १८ होते, नव्याच्या शेवटी ४२. दहा मिनिटांनी नकाशा उघडला, तर अमेरिका, ब्राझील, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा सगळ्या ठिकाणी ४२ दिसत होते. मालक माझ्या शेजारीच बसले होते आणि त्यांच्या स्वतःच्या संगणकावर मात्र जुनेच पान उघडत होते. ते म्हणाले, "साहेब, ब्राझीलमध्ये लागलं आणि वागळेत का नाही लागत?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर अशा बदलासाठी वापरल्या जाणाऱ्या 'प्रोपगेशन', म्हणजे 'पसरणे', या शब्दाच्या विरोधात जाते. नोंद पसरत नाही. कोणीही ती देशोदेशी पोहोचवत नाही. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी या व्यवस्थेची रचना मांडली तेव्हापासून तिचे तत्त्व हेच आहे की, ज्याला नावाचा पत्ता हवा त्याने मूळ नेमसर्व्हरला विचारावे आणि मिळालेले उत्तर ठरावीक सेकंद स्वतःजवळ साठवून ठेवावे. या मुदतीला टीटीएल म्हणतात. कारखान्याच्या नोंदीवर ती १४४०० सेकंद, म्हणजे चार तास होती. ब्राझीलमधल्या सर्व्हरला त्या दिवशी या कारखान्याचे नाव बहुधा कोणी विचारलेलेच नव्हते, त्यामुळे त्याच्याकडे जुनी प्रत नव्हती आणि नकाशाने विचारताच त्याने ताजे उत्तर आणून दिले. उलट वागळेतल्या कार्यालयात तेच संकेतस्थळ दिवसभर उघडले जात होते, म्हणून तिथल्या इंटरनेट पुरवठादाराच्या सर्व्हरवर जुनी प्रत मुदत संपेपर्यंत पडून राहणार होती. ज्यांना बदल सर्वांत आधी दिसावा असे आपल्याला वाटते, त्यांनाच तो बहुतेक वेळा सर्वांत शेवटी दिसतो.

मालकांच्या मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर संकेतस्थळ उघडले, तर नवे पान दिसले. रात्री साडेअकराच्या पुढे कोणाकडेही जुनी प्रत उरायला नको, एवढा हिशेब कागदावर लिहून दिला आणि मी घरी निघालो. हा हिशेब नकाशाने नव्हे, टीटीएलने दिला होता. खरे तर बदलाच्या आदल्या दिवशीच ती मुदत ३०० सेकंदांवर आणून ठेवायला हवी होती. ते मी विसरलो होतो, हे इथे कबूल केलेले बरे.

नकाशाचा मोठा दोष त्याच्या खुणांत आहे. अपेक्षित उत्तर कोणते हे सांगितलेले नसेल, तर हिरव्या खुणेचा अर्थ 'उत्तर मिळाले' एवढाच होतो. ते उत्तर जुने की नवे, हे शेजारचा आकडा वाचूनच कळते. सगळा नकाशा हिरवा असूनही प्रत्येक ओळीत १८ असू शकते. नवख्या माणसाची इथे हमखास फसगत होते. कधी ताजे करण्याचे बटण दाबल्यावर एखाद्या ठिकाणचे नवे उत्तर पुन्हा जुने होते आणि पाहणाऱ्याला बदल मागे फिरल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात गूगलच्या ८.८.८.८ या डीएनएस सर्व्हरसारख्या एका पत्त्यामागे अनेक यंत्रे आणि अनेक साठे असतात, आणि प्रत्येक वेळी उत्तर त्याच साठ्यातून येईल असे नसते. संकेतस्थळ क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेच्या आड असेल, तर नकाशावर त्या सेवेचा पत्ता दिसेल, आपल्या सर्व्हरचा कुठेच दिसणार नाही आणि त्यात काहीही चुकलेले नसते.

तरीही या नकाशांनी मला एकदा फार मोठा मनस्ताप वाचवला आहे. पाचपाखाडीतल्या एका दंतवैद्यांची ईमेल नव्या सेवेकडे नेल्यावर तीन दिवसांनीही काही रुग्णांची पत्रे जुन्याच पेटीत पडत होती. आधीचे होस्टिंग पुरवणारी कंपनी फोनवर एकच वाक्य ऐकवत होती: "अठ्ठेचाळीस तास थांबा." हा आकडा हवेतला नाही, डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरांवर नेमसर्व्हरच्या नोंदींची मुदत १७२८०० सेकंद, म्हणजे नेमके अठ्ठेचाळीस तास आहे. पण ते तास केव्हाच उलटून गेले होते. एमएक्स नोंदीचा नकाशा उघडला, तेव्हा जवळजवळ अर्धे देश जुने उत्तर देत होते आणि अर्धे नवे, तेही कोणत्याही भौगोलिक क्रमाविना. मुदत संपल्यावरही अशी सरमिसळ राहिली, तर दोष साठवलेल्या प्रतींचा नसून मुळातच असतो. एनएस प्रकार निवडून पाहिले आणि उलगडा झाला: डोमेनला चार नेमसर्व्हर लावलेले होते, त्यांतले दोन जुन्या कंपनीचे होते आणि ते जुनीच नोंद वाटत होते. ते दोन काढून टाकले. एकट्या माझ्या संगणकावरून एनएसलुकअप ही डीएनएस नोंद विचारणारी आज्ञा चालवत बसलो असतो, तर ही सरमिसळ इतक्या लवकर डोळ्यांत भरली नसती.

आणखी एक खबरदारी या संकेतस्थळांवर ठळकपणे लिहायला हवी असे मला वाटते. नवे उपडोमेन (मुख्य नावाला जोडलेले उपनाव) तयार करण्याआधीच उत्साहाने त्याची तपासणी करू नये. 'असे नाव अस्तित्वात नाही' हे उत्तरसुद्धा साठवले जाते, आणि ते किती काळ ठेवायचे हे डोमेनच्या एसओए या प्राथमिक माहितीच्या नोंदीवरून ठरते. म्हणजे आपण नकाशाचे बटण दाबतो आणि देशोदेशीच्या सर्व्हरांकडे नकार स्वतःच्या हातांनी साठवून ठेवतो. मग नोंद केल्यावर लाल खुणा का जात नाहीत म्हणून हैराण होतो. गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांनी आपापल्या सर्व्हरांवरची साठवलेली उत्तरे पुसण्यासाठी पाने दिलेली आहेत. इतर ठिकाणी मात्र थांबण्यावाचून उपाय नसतो.

दोन्हींतून निवड करायची तर मोबाइलवर मला व्हॉट्समायडीएनएसची मांडणी अधिक सुटसुटीत वाटते. डीएनएसचेकरवर जाहिरातींची गर्दी जास्त आहे, पण संगणकाच्या मोठ्या पडद्यावर तिचा त्रास फारसा होत नाही. मात्र दोहोंपैकी कोणतेही उघडण्याआधी मी मूळ नेमसर्व्हरला थेट विचारतो. तिथेच नवी नोंद नसेल, तर नकाशा पाहण्यात अर्थ नाही. ती असेल, तर टीटीएल पाहून वेळ काढतो आणि ग्राहकाला ती वेळ कळवतो. वागळेतल्या मालकांना मात्र आकड्यांपेक्षा नकाशाच आवडतो, म्हणून त्यांना मी वेळेसोबत नकाशाचा स्क्रीनशॉटही पाठवतो, आणि त्यावर भारताच्या ओळीतला पत्ता लाल चौकटीत दाखवतो.