छंदासाठी मल्टिमीटर : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

पाच हजार रुपयांच्या आतबाहेरचा, ६००० काउंटचा (पडद्यावर जवळपास ६००० पर्यंतचे आकडे दाखवणारा), ट्रू आरएमएस (एसी तरंग कोणत्याही आकाराचा असो, त्याचे खरे परिणामी मूल्य दाखवणारा) मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, रोध मोजणारे उपकरण, मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याच्या बुधवार पेठेतून घेतला आणि आता दुसरा पावसाळा लागला आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे, की छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्याने अचूकतेच्या आकड्यांपेक्षा कंटिन्युइटीचा (दोन बिंदू एकमेकांना जोडलेले आहेत हे सांगणारा) बझर, करंट मोजण्याची सोय आणि फ्यूज या तीन गोष्टी पाहून पैसे मोजावेत. मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच किमतीत याच घडणीचे अनेक मीटर मिळतात आणि पुढे लिहिलेले त्यांपैकी कोणत्याही मीटरवर तपासून पाहता येते.

अचूकतेचा प्रश्न आधी उरकतो. माझ्या मीटरच्या माहितीपुस्तिकेत डीसी व्होल्टेजसाठी ‘०.५ टक्के अधिक ३ अंक’ असे दिले आहे. म्हणजे ६ व्होल्टच्या रेंजमध्ये ५ व्होल्ट मोजताना टक्क्यांचे २५ आणि शेवटच्या स्थानाचे ३ असा एकूण २८ मिलिव्होल्टचा फरक पडू शकतो. सर्वत्र मिळणाऱ्या पिवळ्या, २००० काउंटच्या स्वस्त मीटरला याच ५ व्होल्टसाठी २० व्होल्टच्या रेंजमध्ये जावे लागते, तिथे शेवटचा अंकच १० मिलिव्होल्टचा असतो आणि ‘०.५ टक्के अधिक २ अंक’ धरले तर फरक ४५ मिलिव्होल्टपर्यंत जातो. कागदावर हे अंतर मोठे दिसते, पण ५ व्होल्टवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला (प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या चिपला) ते जाणवतही नाही. एडी-५८४ या व्होल्टेज रेफरन्सचे (ठरलेला नेमका व्होल्टेज देणाऱ्या चिपचे) छोटे मोड्यूल २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट देते. त्यावर मी अधूनमधून मीटर ताडून पाहतो आणि शेवटचा एखादा अंक सोडल्यास वाचन जागचे हललेले नाही. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन (मीटरची अचूकता तपासणी) करून घेणे ही कारखान्यांची गरज आहे. हौशी माणसाने त्या पैशांत आपला सोल्डरिंगचा सरंजाम सुधारावा.

रोजच्या कामात हात सर्वांत जास्त जातो तो कंटिन्युइटीकडे. प्रोब टेकताक्षणी बझर वाजला पाहिजे, आणि टोक ट्रॅकवरून सरकवत नेले तर प्रत्येक पिनला वेगळा आवाज आला पाहिजे. काही मीटर आवाज द्यायला क्षणभर विचार करतात. तेवढ्यात प्रोब पुढे सरकलेला असतो आणि शॉर्ट असलेली जोडी हातची निसटते. ही परीक्षा दुकानातच करता येते. पासोड्या विठोबाच्या परिसरातील दुकानांत गिऱ्हाइकाने मीटर सुरू करून पाहण्यात कुणाला वावगे वाटत नाही. दोन्ही टोके एकमेकांवर भराभर घासावीत. आवाज खरखरत, तुटत पण लगेच आला तर मीटर घेण्याजोगा समजावा. माहितीपुस्तिकेत हा गुण कुठेही छापलेला नसतो.

करंट मोजण्याची बाजू मात्र जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण बॅटरीवर चालणारे सेन्सर बनवणाऱ्यांची खरी अडचण तिथेच होते. मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये मीटर स्वतःच सर्किटच्या मार्गात एक रोध घालतो. माझ्या मीटरचा हा रोध दुसऱ्या मीटरने मोजला तेव्हा १०० ओहमच्या आसपास भरला. ईएसपी-३२ हा वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेच्या अवस्थेत) असताना चिप सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते, तेव्हा या रोधावर जेमतेम १ मिलिव्होल्ट पडतो आणि सर्व सुरळीत दिसते. पण तीच चिप जागी होऊन वाय-फाय सुरू करते तेव्हा तिला २०० मिलिअँपिअरच्या वर करंट हवा असतो, आणि १०० ओहममधून तेवढा करंट ३.३ व्होल्टवर जाणे शक्यच नसते. परिणामी बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट होत राहतो आणि दोष प्रोग्रॅमचा आहे असे वाटत राहते. उपाय सोपा आहे : मीटरच्या दोन टोकांना समांतर एक वायर लावून बोर्ड सुरू करावा, तो झोपी गेल्यावर वायर काढून वाचन घ्यावे आणि जागा होण्याआधी ती पुन्हा जोडावी. ज्या मीटरला मायक्रोअँपिअरची रेंजच नाही, तो या कामासाठी कितीही नामांकित असला तरी उपयोगाचा नाही. फ्लूक १०१ हा सुटसुटीत आणि सुरक्षित मीटर आहे, पण त्यात करंट मोजण्याची सोयच दिलेली नाही, हे घेण्यापूर्वी लक्षात असावे.

ट्रू आरएमएसबद्दल बाजारात जेवढे बोलले जाते तेवढी त्याची गरज छंदात पडत नाही. साध्या मीटरचे गणित साइन वेव्ह धरून केलेले असते, म्हणून स्क्वेअर वेव्हवर तो ११ टक्के जास्त दाखवतो. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून निघणारे कापलेले तरंग मोजायचे असतील तर ट्रू आरएमएस हवाच. मात्र आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणाऱ्या) पिनवर माझा मीटर एसीला लावला, की ५० टक्के ड्यूटीला (निम्मा वेळ चालू, निम्मा बंद) तो २.५ व्होल्ट दाखवतो, खरे आरएमएस मूल्य ३.५४ व्होल्ट असूनही. कारण बहुतेक हातातले मीटर एसी मोजताना डीसीचा भाग आधीच गाळून टाकतात.

सुरक्षिततेत काटकसर करू नये. घरच्या २३० व्होल्टला हात घालणाऱ्याने मीटरवर निदान कॅट-३, ६०० व्होल्ट ही सुरक्षा श्रेणीची नोंद पाहावी, आणि शक्य तर मागचे झाकण उघडून फ्यूज काचेचा आहे की सिरॅमिकचा, हेही पाहावे. पिवळ्या मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाजवळ बहुधा ‘फ्यूज नाही’ असे इंग्रजीत छापलेलेच असते. तो बॅटरीच्या कामांपुरता ठेवावा. काचेचा फ्यूज तापकीर गल्लीत सहज मिळतो, पण सिरॅमिकच्या जागी तो बसवणे म्हणजे मीटरवर छापलेली कॅट नोंद स्वतःच्या हाताने पुसणे होय.

प्रोब सोबत आलेले होते ते मी बदलले. त्यांच्या पीव्हीसी वायरी ताठ होत्या आणि टोके एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक) भागांच्या पायांसाठी जाड होती. सिलिकॉनच्या मऊ वायरी आणि सुईसारखी टोके घेतल्यापासून मीटरच नवा वाटतो.

तक्रारी किरकोळ आहेत. कपॅसिटन्स मोजतो, पण ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध) मोजत नाही, त्यामुळे पॉवर सप्लायमधला जुना १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मूल्य बरोबर दाखवूनही निकामी असू शकतो. मेगाओहममध्ये ऑटोरेंज (मीटरने आपोआप रेंज निवडणे) रेंगाळते. तिथे रेंजचे बटण दाबून हाताने निवड करावी आणि टोकांना बोटे लावू नयेत, विशेषतः दमट दिवसांत. सर्वांत त्रासाचे म्हणजे मीटर काही मिनिटांनी आपोआप बंद होतो, आणि बॅटरी किती वेळ टिकते हे पाहताना नेमका मध्येच झोपी जातो. सुरू करताना एक बटण दाबून धरले तर ही सोय बंद होते, पण ते माहितीपुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर, एका ओळीत दिले आहे.