वॉटरमार्क, हॅश की कॅमेऱ्याची सही? पुरावा म्हणून फोटो जपायचा असेल तर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी गाडी ठोकून गेलं, शेजाऱ्याने बांध कोरला, गारपिटीने बाग झोपली. असा फोटो किंवा व्हिडिओ तुमच्याकडे असेल, तर उद्या समोरचा पहिलं वाक्य म्हणणार, "हे एडिट केलेलं आहे." त्याला उत्तर देता यावं म्हणून आजच काय करायचं, एवढाच इथला प्रश्न.

वॉटरमार्क सगळ्यांच्या ओळखीचा. लग्नाचे फोटो काढणारा कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाकतो, आणि फोटो कोणाचा हे सांगायला ते पुरतं. पुराव्याला मात्र त्याचा उपयोग नाही. नाव जागच्या जागी ठेवून फोटोतला माणूस बदलता येतो. शिवाय एकच वॉटरमार्क खूप फोटोंवर असेल तर संगणक तो नमुना हेरून आपोआप पुसू शकतो, हे गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्येच दाखवलं.

माझं मत हॅशच्या बाजूने आहे. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ ही पद्धत कितीही मोठ्या व्हिडिओतून ६४ अंक-अक्षरांची एक ओळ काढते. एका फ्रेममधला एक ठिपका बदलला तरी सगळी ओळ वेगळी येते. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड आधीपासून असते, पैसे लागत नाहीत. फक्त दोन गोष्टी सांभाळा. फेरफार करणाराही नवा हॅश काढू शकतो, म्हणून तुमची ओळ त्याच दिवशी वकिलाला ईमेल करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान होते, तिचा हॅश जुळत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कायद्यालाही हेच कळतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली, डिजिटल पुराव्यासोबत कोर्टात द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहायची जागाच दिली आहे. प्रमाणपत्राचं महत्त्व आपल्याकडे जालन्याच्या खटल्यामुळे ठसलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. त्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नाही तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच.

तिसरा पर्याय नवा आहे. सीटूपीए या मानकानुसार कॅमेरा फोटो काढतानाच त्यावर डिजिटल सही करतो, म्हणजे नंतर फोटो बदलला तर ते कळतं. लायका एम११-पी २०२३ मध्ये अशा सहीसह आला, पिक्सेल १० फोनमध्येही ती सोय आहे. बातमीदाराने नवा कॅमेरा घेताना हे जरूर विचारावं. पण पूर्ण भरवसा नको. २०२५ मध्ये निकॉन झेड६ III मध्ये पळवाट सापडली आणि कंपनीला आपण सहीसाठी दिलेली डिजिटल प्रमाणपत्रं रद्द करावी लागली. सोशल मीडियावर चढवताना ही सही अनेकदा गळूनही पडते. घरच्या वादासाठी याकरता मुद्दाम फोन बदलू नका.

सीसीटीव्हीचं काम मात्र उद्यावर टाकू नका. डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. आजच पेनड्राइव्हवर प्रत घ्या, ती कुठल्याही अ‍ॅपमध्ये कापू-जोडू नका, हॅश काढा आणि वहीत डीव्हीआरचा सिरियल नंबर, तारीख, वेळ व प्रत घेणाऱ्याची सही घ्या. डीव्हीआरचं घड्याळ दहा मिनिटं मागे असेल तर तेही तिथेच नोंदवा.