डोक्याची बॅटरी, ३०० रुपये (१०८ च्या ड्युटीवर वापरून)

मी १०८ अँब्युलन्सवर डॉक्टर आहे, बीएएमएस, यवतमाळ जिल्ह्यात, बहुतेक नाईटच असते. ही बॅटरी मेडिकल दुकानातली नाही बरं, आठवडी बाजारातली, शेतकरी रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला डोक्याला बांधतात ना तीच, मोटारीची थ्री फेज लाइन रात्रीची आली तर काय करणार. ३५० सांगितले, ३०० ला दिली.

आधी मोबाइलचा टॉर्च दातात धरून काम करायचो, खोटं नाही सांगत. गाडीत लाइट असतो पण पेशंट गाडीत थोडीच पडलेला असतो, तो असतो गोठ्यात, धुऱ्यावर, नाहीतर पांदणीच्या पल्याड, जिथं गाडी जातच नाही.

सप्टेंबरमधे एका बाईला खाली झोपलेली असताना पान लागलं, म्हणजे साप चावला. घरचे म्हणे काही चावलं नाही, पोट दुखून राहिलं फक्त. खूण कुठंच दिसेना, मण्यारचं तसंच असतं, पण वर पाहा म्हटलं तर पापण्या अर्ध्याच उघडत होत्या. सलाइनची सुई लावली, गावातल्या चौघांनी स्ट्रेचर उचललं आणि पांदणीतच श्वास कमी झाला, मग एका हातानं मास्क तोंडावर दाबून धरायचा, दुसऱ्यानं अंबू बॅग (श्वास द्यायचा फुगा) दाबायची, अन वरून चिखल. तिसरा हात कुठून आणू? तिथंच ३०० रुपये वसूल झाले. बाई वाचली, महिनाभरानं सोयाबीन काढायला गेली म्हणे.

आता वैताग. बटन एकच. फुल, मंद, मग लपलप. शीर शोधताना ग्लोव्हजचा हात लागला की लपलप सुरू, आणि बंद करायला परत फुलवरूनच जावं लागते. एक आजी म्हणे, "डाक्टरसाहेब, काहून लपलप करून राहिलं ते?" काय सांगू तिला.

पावसाळ्यात सगळे किडे सरळ तोंडावर येतात, मास्क लावूनच वापरा. डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय, पहिल्याच पावसात काचेत वाफ धरली. पट्टा दोन महिन्यांत ढिला, त्यावर उलटी-रक्त उडालं तर धुवायलाही किचकट, मी टेलरकडून दोन जास्तीचे शिवून घेतले.

आणि हे आपल्या लाइनवाल्यांसाठी, कीटकनाशक फवारणीच्या केसमधे फुल लाइट डोळ्यात मारू नका. त्या विषबाधेत बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते हे खरं, पण एवढ्या उजेडात चांगल्या माणसाचीही बारीक होते, उगाच फसाल. मंदवर ठेवून आधी बाजूनं बघा.

चार्जिंग फुलवर चारेक तास, मंदवर आरामात रात्र निघते. पाचपैकी चार, एक त्या लपलपीचा कापला.

दुसरी आमच्या पायलटसाठी, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरसाठी, घेतली होती. त्यानं ती ओलिताला घरी नेली, अजून गाडीत आली नाही.