गोजु-र्यूचे अकरा महिने: सत्तावन्नाव्या वर्षी सुरू केलेल्या कराटेचा अनुभव

परवा स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून कारली चिरत बसले होते. बाहेरच्या खोलीत फोन वाजला आणि मी उठून गेले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की उठताना हात टेकलाच नाही. गेल्या वर्षी याच जागेवरून उठायला एका हातानं ओटा धरावा लागायचा आणि दुसरा गुडघ्यावर ठेवावा लागायचा. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझ्या वयाच्या बायका विचारतात, "कराटे? या वयात?" त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही.

मी मूळची कोल्हापूरची. नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं जपानच्या ओकिनावात आहोत, बेटाच्या साधारण मध्यावर, उरुमा भागात. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. मागच्या तपासणीत हाडं विरळ होऊ लागल्याचं कळलं आणि डॉक्टर म्हणाले, वजन पेलणारा आणि तोल सुधारणारा व्यायाम करा. जुलैत दोजोत, म्हणजे कराटेच्या शाळेत, नाव घातलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दीड तास. घरी रोज वीस मिनिटं.

त्याआधी एका दुसऱ्या ठिकाणी महिनाभर गेले होते. तिथं सगळ्यांना एकच व्यायाम. शाळकरी पोरांबरोबर उड्या मारून लाथा, दोनशे-दोनशे. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा सुजला. तिथल्या कुणी माझं वय विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ती चूक दोघांची.

आताच्या दोजोत सेन्सेंनी, म्हणजे शिक्षकांनी, पहिल्याच दिवशी विचारलं, "कशासाठी शिकायचंय?" मी म्हटलं, शरीरासाठी. त्यांनी मान डोलावली आणि पुढचे दोन महिने मला जवळजवळ काही 'शिकवलं'च नाही, असं तेव्हा वाटायचं. आम्ही शिकतो ती कराटेची शैली गोजु-र्यू. तिच्या तयारीच्या व्यायामाला जुंबी उंदो म्हणतात. या परंपरेचे संस्थापक मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी तो बसवला. सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. अंगठा वर, बाकीची बोटं खाली, मग उलट. पहिल्या दिवशी माझा अंगठा एकटा हलेचना. मग घोटे, गुडघे, कंबर, खांदे, मान, असं खालून वर. आमच्याकडे व्यायामात पायाच्या बोटांकडे कोण बघतं? पण म्हातारपणी माणूस पडतो तो पुष्कळदा पाय नीट न उचलल्यामुळे किंवा घोटा वळल्यामुळे. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेही न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडकून. हे आठवलं आणि मग मी ती बोटं मन लावून हलवायला लागले.

सर्वात जास्त वेळ गेला तो सांचिन या काताला. काता म्हणजे ठरावीक क्रमानं करायच्या हालचाली. बघणाऱ्याला सांचिनमध्ये काही घडताना दिसत नाही. तीन पावलं पुढे, वळायचं, सावकाश ठोसे. पण उभं राहण्यातच सगळं आहे. पाय खांद्याइतके फाकलेले, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांच्या रेषेत, चवडे किंचित आत, माकडहाड खाली ओढून कंबर सरळ, तळवे जमीन पकडल्यासारखे. पाऊल टाकताना पाय उचलून आपटायचा नाही, जमिनीलगत अर्धगोल फिरवत न्यायचा. त्या वेळी सगळं वजन एका पायावर असतं आणि डोकं वरखाली होऊ द्यायचं नसतं. मधूनच सेन्से मागून येऊन खांद्यावर, पाठीवर, मांड्यांवर हातानं थोपटून बघतात, कुठं ढिलं आहे ते. याला शिमे म्हणतात. तरुणांना ते जोरात बसतं. मला हलक्या हातानं. सुरुवातीला डोळे मिटून एका पायावर चार सेकंदसुद्धा उभी राहू शकत नव्हते. आता पंधरापर्यंत जाते, डाव्या पायावर थोडं कमी.

आता सावधगिरीचं सांगते, कारण हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांचिनमध्ये श्वास घशातून आवाज करत सोडतात आणि शेवटी अंग आवळतात. तिसऱ्या महिन्यात मी उत्साहानं तसं करू लागले आणि घरी येऊन डोकं जड व्हायचं. एकदा सराव संपल्यावर लगेच यंत्र लावलं, तर वरचा आकडा १६८. श्वास कोंडून अंग आवळलं की छातीत दाब वाढतो आणि रक्तदाब एकदम चढतो. डॉक्टरांनी श्वास अजिबात कोंडायचा नाही असं बजावलं. सेन्सेंना सांगितल्यावर त्यांनी आवळणं जवळजवळ बंद करून लांब, मऊ उच्छ्वास ठेवायला सांगितलं आणि तेन्शो हा काता सुरू केला. तोही मियागींचाच. उघडे तळवे गोल फिरतात, मनगटं सैल. गोजु म्हणजे कठीण आणि मृदू. माझ्या वाट्याला मृदू बाजू जास्त आली आणि मला तीच मानवली. ज्यांना रक्तदाब, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी जोराच्या श्वासाला हात घालण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

साधनांबद्दल. चिइशी म्हणजे दगडात बसवलेला लाकडी दांडा. तो हातात घेतला तेव्हा तालमीतले मुद्गल डोळ्यांपुढे आले. वडील पहाटे घुमवायचे, आम्हा मुलींना हात लावायला मनाई. इथं मी सर्वात हलका दगड घेते आणि मनगट हळूच फिरवते. निगिरिगामे म्हणजे जाड काठाची मातीची बरणी. पाची बोटांनी काठावर धरून, सांचिनच्या पावलांनी चालायचं. पकड हळूहळू वाढली की आत वाळू घालतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण आता मीच उघडते, नवऱ्याला हाक मारावी लागत नाही. माकिवारा, म्हणजे ठोसे मारायचा उभा खांब, मी घेत नाही. बोटांच्या सांध्यांना नको.

काय बदललं नाही तेही सांगायला हवं. वजन फक्त दीड किलो उतरलं. जिना उतरताना गुडघा अजून बोलतो. रक्तदाबाची गोळी तशीच आहे. हाडांची पुढची तपासणी अजून झालेली नाही, त्यामुळे त्याबद्दल दावा करणार नाही.

आणि दीर्घायुष्य? ओकिनावा, कराटे आणि शंभर वर्षं हे तीन शब्द एका दमात उच्चारले जातात, त्यामुळे लोकांना वाटतं कराटे केलं की आयुष्य वाढतंच. ओकिनावातले जुने कराटे-गुरू इतोसु आंको यांनी १९०८ मध्ये लिहिलेल्या दहा सूचनांमध्ये कराटे करणारे जुने जाणते पुष्कळ जगले असं म्हटलंय खरं. ते स्वतः ऐंशीच्या पुढे गेले. कराटे जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे फुनाकोशी गिचिन अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले. पण मियागी पासष्टाव्या वर्षी गेले आणि त्यांचे गुरू हिगाओन्ना कानर्यो बासष्टच्या आसपास. इथली जी पिढी शंभरी गाठत आली ती रताळी, भाज्या, टोफू खाऊन, शेतात राबून, चालून मोठी झाली. सन २००० मध्ये ओकिनावातले पुरुष आयुर्मानात जपानच्या ४७ प्रांतांत २६व्या क्रमांकावर घसरले, तेव्हा इथं मोठी खळबळ उडाली होती. दोजो तेव्हाही होतेच. इथं सगळे मोटारीनं फिरतात, आम्हीसुद्धा. म्हणून मी आयुष्य मोजत नाही. आमच्या वर्गातले ७९ वर्षांचे आजोबा सराव संपला की गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं लाकडी फरशी पुसत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. मला ऐंशीव्या वर्षी ते करता यायला हवं, एवढंच मागणं आहे.

इतोसुंच्या सूचनांमधली मला सर्वात उपयोगी पडलेली वेगळीच आहे: प्रत्येक हालचाल शरीर घडवायला आहे की वापरायला, हे आधी ठरवा. महाराष्ट्रात वर्ग शोधणाऱ्यांनी हाच प्रश्न शिक्षकांना विचारावा. पट्टा किती महिन्यांत मिळेल हे सांगणाऱ्यापेक्षा तुमचा गुडघा आणि औषधं विचारणारा शिक्षक बघा. वर्गात साठीच्या पुढचं कुणी आहे का, तेही बघा. नसेल तर का नाही, ते विचारा.

खर्चाचं थोडक्यात: महिन्याला ५,००० येन आणि सुरुवातीला एक पोशाख. भाषा अडली नाही, कारण बहुतेक सगळं बघूनच शिकायचं असतं. उन्हाळ्यात मात्र दोजोत प्रचंड उकडतं. पाण्याची बाटली आणि दोन पंचे लागतात, आणि वादळाच्या आठवड्यात वर्ग बंद.

माझा पट्टा अजून पांढराच आहे. काल सेन्सेंनी माझ्या दोन्ही बरण्यांत एकेक मूठ वाळू टाकली.